मराठवाड्यातून परदेशी: मानसोपचाराचा परवाना, तासांचा हिशेब आणि कागदांची फाइल

एम.ए. मानसशास्त्र झालं, शहरातल्या एखाद्या दवाखान्यात दोन वर्षं समुपदेशन केलं, आता कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, काढायची आणि तिकडे सायकॉलॉजिस्ट म्हणून कामाला लागायचं. असा बेत घेऊन बरेच जण एजंटाच्या ऑफिसात जाऊन बसतात आणि पहिला हप्ता भरूनच उठतात. या बेतात एक मोठी गल्लत आहे. व्हिसा देतं त्या देशाचं इमिग्रेशन खातं. रुग्णासमोर बसायची मुभा देते तिथली त्या व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पीआर हातात घेऊन टोरंटोला उतरता येतं, पण परवाना नसेल तर तिथे गोदामात खोकी उचलायची पाळी येते, आणि ते काही कायद्याविरुद्ध नसतं.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी कोणत्या पदनामाने काम करायचं ते, मग त्या पदनामाची परिषद, मग कागद, मग इंग्रजीची परीक्षा, मग नोकरी आणि सगळ्यात शेवटी व्हिसा. एजंट हा क्रम उलटा लावतो, कारण त्याची फी व्हिसावर असते.

पदवी बघू नका, पदनाम बघा

प्रत्येक देशात काही शब्द कायद्याने राखीव असतात. ब्रिटनमध्ये नुसतं 'सायकॉलॉजिस्ट' कुणीही म्हणवून घेऊ शकतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' किंवा 'कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला मात्र एचसीपीसी या परिषदेची नोंदणी लागते. ऑस्ट्रेलियात 'सायकॉलॉजिस्ट' हाच शब्द राखीव आहे. कॅनडात प्रांताप्रांताचा नियम वेगळा, आणि ओंटारिओत तर 'सायकोथेरपिस्ट' म्हणायलाही परवाना लागतो. आपल्याकडच्या पदवीचं तिकडे कोणतं पदनाम होतं, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नका.

एम.डी. सायकियाट्री झालेल्या डॉक्टरांचा रस्ता सगळ्यात सरळ आहे, फक्त लांब आहे. ब्रिटनसाठी जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे जीएमसीची नोंदणी लागते. ती मिळवायचे दोन सोयीचे मार्ग आहेत. एक प्लॅब, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीची जीएमसीची परीक्षा: पहिला पेपर भारतात देता येतो. मुंबई आणि हैदराबाद दोन्हीकडे केंद्र आहे, नांदेड-लातूरकरांना हैदराबाद जवळ पडतं. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊनच द्यावा लागतो, त्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासण्यासारखी १६ स्टेशनं असतात. दुसरा मार्ग म्हणजे एम.आर.सी.सायक., ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सची परीक्षा: पेपर ए, पेपर बी आणि कॅस्क ही प्रात्यक्षिक परीक्षा. ही पदवी जीएमसी थेट मान्य करते, प्लॅबची गरज उरत नाही. एम.डी. होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील आणि सायकियाट्रीतच राहायचं नक्की असेल, तर दुसरा मार्ग धरावा. प्लॅबसाठी स्त्रीरोग, बालरोग, सर्जरी सगळं पुन्हा उकरून काढावं लागतं, एम.आर.सी.सायक.चा अभ्यास निदान स्वतःच्या विषयाचा तरी असतो. दोन वर्षांपुरतं जाऊन शिकून यायचं असेल तर मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह ही योजना बघा. अमेरिकेत मात्र इथली एम.डी. जवळजवळ बाजूलाच ठेवावी लागते: यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचे टप्पे आणि त्यावर सायकियाट्रीची चार वर्षांची रेसिडेन्सी नव्याने. काही राज्यांनी अलीकडे सवलतीच्या वाटा उघडल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर इथली नोकरी सोडू नये.

आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना, म्हणजे दोन वर्षांची एम.फिल. किंवा साय.डी. ही डॉक्टरेट केलेल्यांना, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश शक्यतेतले आहेत. ब्रिटनमध्ये या पदासाठीचं प्रशिक्षण डॉक्टरेट पातळीचं असतं. त्यामुळे एम.फिल.ची नोंदणी आपोआप होत नाही. एचसीपीसी पदवीचं नाव बघत नाही, तिच्या क्षमतांच्या यादीतली एकेक ओळ तुमच्या अभ्यासक्रमात आणि अनुभवात कुठे सापडते ते बघते. त्यामुळे इथे सगळं कागदावर अडतं. त्याचं सविस्तर पुढे येईलच. ऑस्ट्रेलियात किमान सहा वर्षांचं सलग मानसशास्त्राचं शिक्षण धरतात. आपली वर्षांची बेरीज जुळते, पण चौथ्या वर्षात संशोधन प्रबंध हवा असतो, आणि प्रबंधाऐवजी पेपरचा पर्याय घेऊन एम.ए. झालेले तिथेच अडकतात. स्थलांतरासाठीचं मूल्यांकन ऑस्ट्रेलियन सायकॉलॉजिकल सोसायटी करते, नोंदणी सायकॉलॉजी बोर्ड देतं: दोन अर्ज, दोन फिया. नोंदणीच्या वाटेवर १५० प्रश्नांची साडेतीन तासांची राष्ट्रीय परीक्षाही आहे.

नुसतं एम.ए. मानसशास्त्र किंवा समुपदेशनाचा डिप्लोमा, आरसीआय नोंदणी नाही: मराठवाड्यातल्या अर्जदारांत ही गर्दी मोठी, आणि फसवणूक होते ती इथेच. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सायकॉलॉजिस्टला डॉक्टरेट लागते. कॅनडात अल्बर्टासारखे प्रांत मास्टर्सवर दार उघडतात, पण त्या मास्टर्समध्ये देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किती, हे विचारतात. त्यानंतर २२५ प्रश्नांची ईपीपीपी परीक्षा असते. आपल्या एम.ए.त प्रॅक्टिकल म्हणजे प्रयोगशाळेतले प्रयोग आणि चाचण्यांची वही. ती वही तिकडे क्लिनिकल तास म्हणून चालत नाही. खरं सांगायचं तर या गटाने आधी भारतातच आरसीआय-मान्य अभ्यासक्रम करावा, आणि मग परदेशाचं नाव काढावं. प्रवेश घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र बघा. नव्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कच्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच मुदत वाढवून दिली होती. ज्या संस्थेत जाता तिथे आता कोणता अभ्यासक्रम चालतो आणि त्याला आरसीआयची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा.

एजंट या गटाला हमखास जे विकतात ते म्हणजे ब्रिटनची एक वर्षाची एम.एस्सी. 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे शब्द पदवीच्या नावात असतात, म्हणून आईवडील शेत गहाण ठेवून कर्ज काढतात. ही एम.एस्सी. करून एचसीपीसी नोंदणी मिळत नाही. पुढे 'असिस्टंट सायकॉलॉजिस्ट'ची जागा शोधावी लागते. त्या जागेवर तिथल्याच शेकडो पदवीधरांच्या उड्या पडतात आणि तिचा पगार स्किल्ड वर्कर व्हिसाच्या किमान मर्यादेखाली राहतो. कॅनडातल्या 'मेंटल हेल्थ अँड ॲडिक्शन' डिप्लोमाचंही तेच. शिकायला वाईट नाही, परवाना मात्र त्यातून निघत नाही.

एम.एस.डब्ल्यू. केलेल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. सोशल वर्कर हे पदनाम इंग्लंडमध्ये सोशल वर्क इंग्लंड, ऑस्ट्रेलियात एएएसडब्ल्यू ही तिथली सोशल वर्करांची संघटना आणि कॅनडात प्रांतिक परिषदा बघतात, आणि मास्टर्सची पदवी तिथे पुरते. वैद्यकीय व मनोसामाजिक शाखेतून एम.एस.डब्ल्यू. केलेल्या मुलामुलींची वाट एम.ए. मानसशास्त्रवाल्यांपेक्षा सोपी असते. मानसिक आरोग्यातच राहायचं असेल तर ते नोंदणीनंतर विशेषीकरणाने साधतं. फील्डवर्कचे तास मात्र इथेही मोजतात.

नर्सिंगवाल्यांसाठी एवढंच: ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिललाही लोक एनएमसी म्हणतात, आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनशी तिचा संबंध नाही. अर्ज करताना 'मेंटल हेल्थ नर्सिंग' हे क्षेत्र निवडायचं तर शिक्षण आणि अनुभव त्याला जुळले पाहिजेत. संगणकावरची परीक्षा भारतात होते, ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर.

आखाती देशांत गणित वेगळं आहे. तिथे तुमच्या प्रत्येक पदवीची आणि अनुभवपत्राची खातरजमा डेटाफ्लो ही संस्था थेट विद्यापीठाकडे आणि मालकाकडे करते, मग त्या-त्या आरोग्य प्राधिकरणाचा परवाना मिळतो. दवाखान्याने दिलेलं पत्र आणि तिथल्या एच.आर.ने मेलवर दिलेलं उत्तर यांत एका महिन्याचा जरी फरक निघाला, तरी अहवालावर शेरा येतो, आणि तो पुढे पुसणं अवघड जातं.

तासांचं पत्र

सगळ्या परिषदांना एकच गोष्ट हवी असते आणि आपल्याकडे नेमकी तीच कुणी लिहून देत नाही: तुम्ही किती तास, कुणावर, काय काम केलं आणि कुणाच्या देखरेखीखाली केलं. 'सदर विद्यार्थ्याने दोन वर्षं समाधानकारक काम केले, वर्तणूक चांगली' असं पत्र परिषदेच्या दृष्टीने कोरा कागद आहे.

पत्रात काय हवं ते बघा. सुरुवातीची आणि शेवटची तारीख. आठवड्याचे तास. प्रत्येक पोस्टिंगचं ठिकाण आणि कालावधी: प्रौढ ओपीडी, बालमार्गदर्शन, व्यसनमुक्ती, वॉर्ड, न्यूरॉलॉजी, समाजात जाऊन केलेलं काम. थेट रुग्णासमोरचे तास वेगळे, अहवाल लिहिण्याचे वेगळे, देखरेखीचे वेगळे. देखरेख एकास एक किती आणि गटात किती. वापरलेल्या चाचण्यांची नावं आणि साधारण संख्या. वापरलेल्या उपचारपद्धती. शेवटी पर्यवेक्षकाचं नाव, पात्रता, आरसीआय किंवा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि संस्थेचा अधिकृत ईमेल. जीमेलचा पत्ता दिला तर पडताळणीत अडचण येते.

आकडे लॉगबुकमधून काढायचे असतात, डोक्यातून नव्हे. समजा आठवड्याला ३६ तास, वर्षाचे ४४ आठवडे, दोन वर्षं: एकूण ३,१६८ तास होतात. त्यातले थेट रुग्णासोबतचे १,४०० लिहिले आणि लॉगबुकात ९०० निघाले, तर अख्खी फाइल संशयात जाते. कमी पण जुळणारा आकडा लिहा.

मराठवाड्यातल्यांना इथे एक जादा हेलपाटा असतो. महाराष्ट्राची जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यामुळे प्रशिक्षणातली वॉर्डची पोस्टिंग बऱ्याचदा बाहेर कुठेतरी झालेली असते. त्या पोस्टिंगचं पत्र तुमच्या कॉलेजने दिलेलं चालत नाही, त्या रुग्णालयाचंच लागतं. पर्यवेक्षकांची बदली होते, ते निवृत्त होतात, कधी वारतात. म्हणून अभ्यासक्रम संपल्याच्या महिन्यातच, जायचं ठरलेलं नसलं तरी, ही पत्रं घेऊन ठेवा. तीन मूळ प्रती, लेटरहेडवर, प्रत्येक पानावर शिक्का. पत्राचा मसुदा आपणच टाइप करून न्यावा. साहेबांना बसून तास मोजायला वेळ नसतो, आणि 'उद्या या' ऐकण्यात दिवाळी निघून जाते.

विद्यापीठाचे कागद

परदेशातल्या संस्थांना गुणपत्रिका नव्हे, ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा विद्यापीठाचा उतारा लागतो. कॅनडाच्या मूल्यांकनासाठी वेस या संस्थेकडे ते विद्यापीठानेच बंद पाकिटात, पाकिटाच्या चिकटपट्टीवर सही-शिक्का मारून पाठवायचं असतं. तुम्ही फोडून स्कॅन केलेलं पाकीट बाद होतं. कॉलेजने दिलेलं ट्रान्स्क्रिप्टही चालत नाही, विद्यापीठाचंच हवं. शिवाय वेसचा अहवाल म्हणजे परवाना नव्हे, तो फक्त इमिग्रेशनचे गुण मोजायला आहे. तो पाच वर्षं चालतो, म्हणून लवकर काढून ठेवायला हरकत नाही.

कुठलं विद्यापीठ, इथेही गोंधळ होतो. १९५८ साली स्थापन झालेलं मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याकडे गेले. दोन्ही नावांत 'मराठवाडा' असल्याने तिकडचा कारकून चुकीच्या विद्यापीठाला मेल करतो, आणि 'अशी नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं की अर्ज अडकतो. अर्जात विद्यापीठाचं पूर्ण नाव, शहर आणि परीक्षा विभागाचा ईमेल स्वतः भरा. डॉक्टर आणि नर्सिंगवाल्यांची पदवी १९९८ नंतरची असेल तर ती नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असते; कॉलेज संभाजीनगरचं 'घाटी' असो की अंबाजोगाई, पडताळणी नाशिकहून होते.

शिवाय तुमच्या गुणपत्रिकेवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद छापलेलं असेल आणि २०२३ नंतरच्या पत्रावर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. तिकडच्या माणसाला ही दोन वेगळी शहरं वाटतात. विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून 'शहराचं नाव बदललं आहे, संस्था तीच आहे' असं एका ओळीचं इंग्रजी पत्र घेऊन फाइलला लावा. काम छोटं आहे, पण न केल्यास दोन महिने खातं.

स्वतःच्या नावाचं दुखणं त्याहून जुनं. गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं; पासपोर्टवर क्रम वेगळा; लग्नानंतर आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परदेशी अर्जात एकच नाव चालतं, आणि ते पासपोर्टवरचं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडावं. स्पेलिंगचा फरक असेल तर, म्हणजे कुठे 'देशमुख' मध्ये एच आहे, कुठे नाही, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. अर्ज ऑनलाइन होतो. तो आधी करावा आणि मगच आरसीआय किंवा मेडिकल कौन्सिलमधलं नाव दुरुस्त करावं.

नोंदणी चालू आहे आणि तुमच्याविरुद्ध काही कारवाई नाही असं सांगणारं 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना आरसीआयकडून मिळतं. त्याची मुदत थोडी असते, म्हणून ते सगळ्यात शेवटी काढा. आरसीआयचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी सीआरई गुण, म्हणजे कार्यशाळा वगैरेंतून चालू ठेवलेल्या शिक्षणाचे गुण लागतात. नोंदणी उलटून गेलेली असेल तर गुड स्टँडिंगचा विषयच संपतो.

अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय मारतं तो शिक्का, प्रत्येक ठिकाणी लागत नाही. ज्यांनी मागितलं त्यांच्यासाठीच करा. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिलच्या हेग करारात नाही, तिथे परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

इंग्रजी

डॉक्टर आणि नर्स ओईटी ही आरोग्य व्यवसायांसाठीची इंग्रजीची परीक्षा देऊ शकतात. मानसशास्त्र हा ओईटीच्या बारा व्यवसायांत नाही, हे क्लासवाले सांगत नाहीत. सायकॉलॉजिस्टना आयईएलटीएस किंवा त्या परिषदेला मान्य असलेली दुसरी परीक्षा द्यावी लागते. एचसीपीसीला आयईएलटीएस एकूण ७ आणि कुठल्याही भागात ६.५ पेक्षा कमी नको. जीएमसीला एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात ७. निकाल दोन वर्षं चालतो आणि फी १८ हजारांच्या आसपास आहे, म्हणून कागदांची फाइल निम्मी झाल्याशिवाय परीक्षेला बसू नका. मराठी माध्यमातून आलेल्यांचे गुण बोलण्यात जात नाहीत, लिहिण्यात जातात. दीडशे शब्दांत आलेखाचं वर्णन आणि अडीचशे शब्दांचा निबंध रोज घड्याळ लावून लिहायचा, तीन महिने. पाठ केलेले मोठे शब्द घुसडले की गुण उतरतात.

मुलाखतीत तुमचा अनुभव कसा मांडायचा

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, शेतकऱ्यांसाठीचा प्रेरणा प्रकल्प, टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन, गावातली शिबिरं: मराठवाड्यात काम केलेल्यांकडे हा अनुभव भरपूर असतो, आणि अर्जात तो 'अटेंडेड कॅम्प्स' या दोन शब्दांत संपतो. त्याऐवजी काय केलं ते लिहा. आत्महत्येची जोखीम कशी तपासली, कीटकनाशक घरातून हलवण्याबद्दल कुटुंबाशी काय ठरवलं, पुढचा फोन किती दिवसांनी केला, कोणत्या टप्प्यावर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिकडे याला जोखीम मूल्यांकन आणि सुरक्षा आराखडा म्हणतात आणि मुलाखतीत हाच प्रश्न हमखास असतो.

भानामती, अंगात येणं, करणी असल्या तक्रारींचा उल्लेख टाळू नका, पण 'अंधश्रद्धेमुळे' एवढं म्हणून सोडूनही देऊ नका. बाईला झटके कधी येतात, घरात त्यामुळे काय बदलतं, मांत्रिकाकडे जाणं थांबवा असं न म्हणता उपचार कसे सुरू केले, हे सांगता आलं तर परीक्षकाला तुमची फॉर्म्युलेशन, म्हणजे त्रास कशामुळे सुरू झाला आणि का टिकला याची मांडणी, समजते.

दोन सवयी मात्र मोडाव्या लागतात. एक, नातेवाइकांसमोर रुग्णाची हकिकत घेणं. तिकडे प्रौढ रुग्णाच्या आईलाही त्याच्या परवानगीशिवाय काही सांगायचं नसतं. 'घरच्यांना बोलावून समजावलं' हे उत्तर इथे शहाणपणाचं, तिथे गोपनीयतेचा भंग. दोन, सल्ला देणं. ओपीडीत दहा मिनिटांत पेशंट संपवायचा असतो, म्हणून आपण सल्ला देतो. तिथे पन्नास मिनिटांचं सत्र असतं.

ब्रिटनसाठी कायद्याची तुलना तोंडपाठ ठेवा. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम ८९ खाली आधारासह दाखल करण्याची मुदत ३० दिवस. इंग्लंडच्या १९८३ च्या कायद्यात कलम २ खाली २८ दिवस, कलम ३ खाली सुरुवातीला सहा महिने. रुग्णाच्या निर्णयक्षमतेबद्दलचा २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट वेगळा, आणि दोन्हींत गल्लत केली की मुलाखत तिथेच संपते.

नोकरी, एजंट, व्हिसा

ब्रिटनच्या हेल्थ अँड केअर व्हिसासाठी नोकरी देणाऱ्याने प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ असतो, कुटुंबालाही. नोंदणी झालेला नवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत साधारण बँड ७ या वेतनश्रेणीवर लागतो. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची असते, गल्लीतल्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या. गेल्या दहा वर्षांत एखाद्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलंही लागतं.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना हवा. क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. कायद्याने तो तुमच्याकडून ३० हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त घेऊ शकत नाही. ब्रिटनच्या आरोग्य भरतीच्या आचारसंहितेनुसार तर उमेदवाराकडून भरतीचे पैसे घ्यायचेच नसतात. 'प्रायोजकत्व विकत मिळेल, बारा लाख' म्हणणारा माणूस तुम्हाला नोकरी देत नाहीये.

सगळं जुळून आलं तर पहिल्या कागदापासून विमानापर्यंत दीड वर्ष धरा, डॉक्टरांनी अडीच ते तीन. मधल्या काळात इथलं काम सोडू नका. अनुभवात पडलेला खंड परिषदेला समजावून सांगावा लागतो.

तिकडे पोचल्यावर आरसीआयची नोंदणी सोडून देऊ नका. एचसीपीसीची नोंदणी दर दोन वर्षांनी, आरसीआयची पाच वर्षांनी, दोन्हींच्या तारखा एकाच वहीत लिहून ठेवा, आणि मूळ लॉगबुक गावाकडच्या कपाटात न ठेवता सोबत न्या. दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या प्रांतात जायचं झालं की ते पुन्हा मागतात.